काउंटरवरची पोरं

निपाणी, चिकोडी, खानापूर, चंदगडहून आपण सगळे फार्मसीवाले आज बेळगावात जमलोय. केएलई संस्थेचं फार्मसी कॉलेज इथं १९६८ पासून आहे, म्हणजे फार्मसीला हे गाव नवखं नाही.

आपला सीमाभाग जरा वेगळा. निपाणीच्या काउंटरवर एक चिठ्ठी कोल्हापूरच्या डॉक्टरांची येते, दुसरी बेळगावची. पोरं डी.फार्म.ला गडहिंग्लजला गेली तर परीक्षा महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण मंडळाची. इथं शिकली तर कर्नाटकच्या औषध नियंत्रण खात्याच्या परीक्षा मंडळाची. अभ्यासक्रम मात्र एकच: दोन वर्षं आणि वर पाचशे तासांचं प्रात्यक्षिक. दुकान निपाणीत टाकायचं तर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी बेंगळुरूला.

पण मला बोलायचंय ते नोंदणी नसलेल्या मदतनिसांबद्दल. अमेरिकेत फार्मसी टेक्निशियन हे रीतसर पद आहे. आपल्या १९४८ च्या फार्मसी कायद्यात ते नाही. कलम ४२ प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध द्यायचं ते नोंदणीकृत फार्मासिस्टनंच. प्रत्यक्षात काय चालतं? प्रमाणपत्र भिंतीवर, त्याचा धनी परगावी आणि काउंटरवर दहावी झालेला पोरगा. पाहुण्यांसमोर हे बोलू नका असं मला बजावलं होतं, पण पाहुण्यांनाही ते ठाऊक आहेच.

यानं काय होतं ते बघायला विडीकामात हयात गेलेल्या निपाणीच्या एखाद्या आजी घ्या. दम्यासाठी रोटाकॅप, म्हणजे श्वासातून ओढायच्या औषधाची कॅप्सूल, नेतात आणि पाण्याबरोबर गिळतात. ती यंत्रात घालून यंत्र फिरवायचं, आधी श्वास सोडायचा, मग तोंड लावून जोरात आत ओढायचा आणि जमेल तितका धरून ठेवायचा. स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, एसटीत बसेपर्यंत विसरलेलं असतं. मग दम कमी नाही म्हणून आजी पुन्हा दवाखान्यात, आणि औषध वाढतं. फार्मासिस्ट हजर असेल, त्यानं मोकळं यंत्र हातात देऊन “आजी, ओढून दाखवा बघू” म्हटलं, तर हा फेरा चुकेल. पोरांनी निदान एवढं ओळखावं की ही कॅप्सूल नुसती पुडीत बांधून द्यायची नसते, फार्मासिस्टला हाक मारायची असते. नोंदींचंही तसंच. शेड्यूल एच-वनमधल्या औषधांच्या विक्रीची वही २०१४ पासून आहे. रुग्ण, डॉक्टर, औषध, नग सगळं त्यात उतरतं, पण बऱ्याचदा रात्री शटर ओढताना, आठवून आठवून.

म्हणून दुपारचं सत्र मदतनिसांसाठी ठेवलंय, मराठीत आणि कन्नडमध्येही. मालकांनी आपापली पोरं आणलीत, त्याबद्दल आभार. ज्यांनी दुकान सांभाळायला मागं ठेवलीत त्यांनी अजून फोन करावा, निपाणीहून दीड-दोन तासांत पोचतील.

जेवणात गोड म्हणून कुंदा आहे. शुगरच्या गोळ्या विकणाऱ्यांनी आपापल्या हिशेबानं घ्यावा.