जंत, झुरळ आणि आपला फळा



बाईंनी फळ्यावर काढलेली प्राण्यांची शिडी आठवते? खाली गोलकृमी, वर गांडूळ, त्याच्या वर झुरळ. गांडूळ आणि झुरळ दोघांचं अंग खंडाखंडांचं, म्हणून ते जवळचे. पोटातला जंत लांबचा. मी ते घोकलं, मार्क मिळवले, आणि हे नुसतंच पाठांतर म्हणून अकरावीला जीवशास्त्र सोडलं. बाई, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आपण १९९६ला दहावी झालो. पुढच्याच वर्षी ती शिडी मोडली! रायबोसोमच्या एका जनुकातली अक्षरं जुळवून पाहिली, तर जंत निघाला झुरळाच्या गोतातला. दोघंही कात टाकतात. गांडूळ गेलं गोगलगाईकडे. १९९८मध्ये मार्क ब्लॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी ५३ गोलकृमींची अशीच तुलना केली. प्राण्यांच्या अंगात राहायची सवय त्यांना किमान चार वेळा, वेगवेगळी लागलेली दिसली. म्हणजे सगळे जंत एका घरचे नाहीतच.

अक्षरांच्या लांबच लांब ओळी जुळवणं हे तर आमच्याच धंद्यातलं काम. म्हणून उशिरा का होईना, यात ओढले गेले.

बाई, जेवणानंतर खडू द्याल? शिडीच्या जागी झाड काढायचंय.