दोघांच्या शाखा वेगळ्या, मग कॉलेज कुणाचं?

आम्ही पुण्याच्या कसबा पेठेतल्या सहा-सात जणी. आमचा बचत गट आहे. जून-जुलै आला की गावाकडून आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागते. कुणाची भाची, कुणाच्या जावेची मुलगी, कुणाच्या माहेरच्या शेजाऱ्यांचा मुलगा. हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात दहावीपासूनचे सगळे कागद, आणि प्रश्न एकच, कॉलेज कुठलं टाकायचं? दरवर्षी फॉर्म भरायला मदत करून करून आम्हालाही त्यातलं बरंच समजायला लागलंय.

अलीकडे एक नवीन गोष्ट बघायला मिळते. लग्न ठरलेली, कधी झालेलीसुद्धा जोडपी, दोघंही शिकायचं म्हणून येतात. चांगलंच आहे. पण दोघांच्या शाखा वेगळ्या असल्या की घरात गोंधळ सुरू होतो. त्याबद्दलच आज बोलायचंय.

गेल्या वर्षी जुन्नर तालुक्यातलं एक जोडपं आलं होतं. नावं सांगत नाही, गावात लगेच ओळखतील. मुलगा डिप्लोमा झालेला. दोन वर्षं चाकणला कंपनीत काम केलं आणि मग ठरवलं, मेकॅनिकलची डिग्री पुरी करायची. डिप्लोमावाल्यांना डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मुलगी बारावी सायन्स, सीईटी दिलेली. साखरपुडा झाला होता, लग्न शिक्षणानंतर, असं दोन्ही घरांनी कबूल केलं होतं.

मुलीला हवं होतं इन्स्ट्रुमेंटेशन. म्हणजे काय, हे आम्हालाही तिनंच सांगितलं. दूध डेअरीत तापमान किती आहे ते दाखवणारं आणि वाढलं की आपोआप आवरणारं यंत्र असतं ना, साखर कारखान्यात वाफेचा दाब सांभाळणारी घड्याळं आणि झडपा असतात ना, ते सगळं बसवायचं, जुळवायचं, सांभाळायचं शिक्षण. तिचे वडील डेअरीला दूध घालतात. तिथला डिस्प्ले बंद पडला की पुण्याहून माणूस येईपर्यंत सगळे हात बांधून बसतात, हे तिनं लहानपणापासून बघितलेलं. कुणी सांगितलं म्हणून निवडलेली शाखा नव्हती ती.

आणि मोठी माणसं काय म्हणत होती? "तिनंही मेकॅनिकलच घ्यावं. दोघं एका कॉलेजात, पुस्तकं एकच, जाणं-येणं एकत्र. ती एकटी कुठे फिरणार?" मुलगा बिचारा मधल्या मधे. तिच्या विरुद्ध नव्हता, पण मोठ्यांपुढे बोलतही नव्हता. असे मुलगे आम्ही पुष्कळ बघितलेत.

आम्ही त्यांना वाद घालू दिला नाही. कागद-पेन्सिल घेतली आणि विचारलं, एका कॉलेजात गेले तर दोघं दिवसातून एकत्र किती वेळ असतील? तो दुसऱ्या वर्षाला, ती पहिल्या. दोघंही मेकॅनिकलला असले तरी वर्ग वेगळा, प्रॅक्टिकल वेगळं, परीक्षेचं वेळापत्रक वेगळं. राहिली डबा खायची सुट्टी. त्या अर्ध्या तासासाठी मुलीनं चार वर्षांची शाखा बदलायची? तिची आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "एवढ्यासाठीच का?" मग खोलीत जरा शांतता झाली.

जोडप्याला एकत्र लागतं ते कॉलेज नव्हे, गाव लागतं. मुक्काम, जेवण, येण्याजाण्याची सोय, आजारी पडलं तर धावून येणारं माणूस. हे एका शहरात असलं की भागतं. म्हणून आम्ही आधी शहर धरतो, मग कॉलेजं मांडतो. आणि मांडताना ज्याची शाखा दुर्मिळ, त्याची यादी आधी करतो. मेकॅनिकल, सिव्हिल, कॉम्प्युटर बहुतेक ठिकाणी असतं. इन्स्ट्रुमेंटेशन मोजक्या कॉलेजांत. टेक्स्टाइल हवं तर इचलकरंजीचं डीकेटीई, नांदेडचं एसजीजीएस, मुंबईचं व्हीजेटीआय, अशी नावं घ्यावी लागतात. तिथे नवऱ्याच्या कॉलेजात बायकोची शाखा शोधत बसणं म्हणजे सुई घरात हरवली आणि अंगणात शोधली, त्यातला प्रकार. ज्याची शाखा सगळीकडे मिळते त्यानं मागून यावं. ते बहुतेक वेळा मुलानं करायचं असतं, म्हणून घरच्यांना जड जातं, एवढंच.

तिची यादी पुण्यापुरती अशी झाली. पहिलं सीओईपी, म्हणजे शिवाजीनगरचं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. १८५४ साली सुरू झालेलं, आता त्याचं विद्यापीठ झालंय. आमच्या पेठेतून शिवाजी पूल ओलांडला की चालत जाण्यासारखं. दुसरं कर्वेनगरचं कमिन्स कॉलेज, १९९१ पासूनचं, फक्त मुलींसाठी. तिसरं बिबवेवाडीचं व्हीआयटी. चौथं केनेडी रोडचं एआयएसएसएमएसचं आयटी संस्थेचं कॉलेज. नावात आयटी असलं तरी तिथे इन्स्ट्रुमेंटेशन आहे, आणि त्याच आवारात त्याच संस्थेचं दुसरं कॉलेज आहे, तिथे मेकॅनिकल. कमिन्सचं नाव काढल्यावर मुलाचे काका म्हणाले, "तिथे तर मुलाला प्रवेशच नाही!" आम्ही म्हटलं, काका, प्रवेश तिला घ्यायचाय.

आता एक महत्त्वाची गोष्ट, नीट ऐका. सरकारची जी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया आहे, जिला सगळे कॅप म्हणतात, तिच्यात जोडपं असा रकानाच नाही. प्रत्येकाचा गुणक्रमांक वेगळा, प्रत्येकाची यादी वेगळी. आम्हाला दोघांना एकत्र द्या, असं तिथे सांगता येत नाही. वर थेट दुसऱ्या वर्षाची प्रक्रिया निराळी, तिचं वेळापत्रक निराळं. म्हणजे एकाचं ठरतं तेव्हा दुसऱ्याचं अधांतरी असतं.

त्यातून पसंतीक्रमाचा नियम. २०२५-२६ मध्ये पहिल्या वर्षाच्या प्रवेशाला चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत यादीतलं एक नंबरचं कॉलेज लागलं, तर ते घ्यायलाच हवं, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी लागलं तर तसंच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. आता विचार करा. घरच्यांच्या समाधानासाठी मुलीनं एक नंबरला मेकॅनिकल टाकलं असतं, आणि तेच लागलं असतं, तर? तिला ते घ्यावं लागलं असतं. आणि मुलाला ते कॉलेज मिळालंच नसतं, तर ती तिथे एकटीच, नको असलेल्या शाखेत. एकत्र राहायचं म्हणून केलेली सोय अशी अंगाशी येते. म्हणून एक नंबरला खरोखर हवं तेच टाकायचं. मिळणार नाही असं वाटलं तरी तेच. नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

या गडबडीत एक एजंट भेटला. ते भेटतातच. "दोघांना एकाच कॉलेजात बसवतो, मॅनेजमेंट कोट्यातून." मुलाच्या घरचे सोनं गहाण टाकायला तयार झाले होते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पूर्वी ही सवलत निम्मी होती. पण ती कॅपमधून मिळालेल्या जागेला आहे, मॅनेजमेंट कोट्याच्या जागेला नाही. म्हणजे जी मुलगी फीशिवाय शिकली असती, तिच्यासाठी कर्ज काढायचं, कशासाठी, तर डब्याच्या सुट्टीत दोघांनी एका बाकावर बसावं म्हणून! हे आम्ही जरा मोठ्या आवाजातच बोललो. एजंटाचा फोन पुन्हा उचलला गेला नाही.

कागदांचंही सांगून टाकतो. लग्न झालेल्या मुली येतात तेव्हा हमखास अडचण असते नावाची. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. फॉर्म मार्कशीटच्या नावानं भरायचा असतो आणि शिष्यवृत्तीचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. शिक्षण चालू असेल तर आधारवर नाव बदलायची घाई करू नका, नवरा कुठे पळून जात नाही. बदललंच असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र जवळ ठेवा. जातीचा दाखला मुलीचा वडिलांकडचाच चालतो, तो लग्नानं बदलत नाही. आणि वसतिगृहात जोडप्याला एक खोली मिळत नाही, हे लग्न झालेल्यांनी आधीच धरून चाला. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याचा अर्ज दोघांनी आपापला करायचा.

हे सगळं आजचं झालं. पण दोघांनी मिळून शिक्षणाची जागा शोधायची, ही खटपट आपल्याकडे जुनी आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशींचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. १८८० साली गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं, त्यात दोन मागण्या होत्या. बायकोला वैद्यकीचं शिक्षण हवं आणि मला तिथे काहीतरी नोकरी हवी. म्हणजे दोघांनी एकत्र जायचं, असाच बेत. ते जमलं नाही. उत्तर आलं ते धर्म बदलण्याच्या अटीचं. पण ते पत्र छापलं गेलं होतं, ते न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. १८८३ मध्ये आनंदीबाई एकट्या बोटीनं गेल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, इथे पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती.

गोपाळराव फार कडक आणि तापट होते, त्यांचं सगळंच वाखाणावं असं नाही. अभ्यासासाठी त्यांनी बायकोवर हातसुद्धा उगारलाय. पण एकत्र जाता येत नाही म्हटल्यावर थांबले ते, आनंदीबाई नाही थांबल्या. एकशे चाळीस वर्षांपूर्वी. आम्ही हे मुलाच्या काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ते मोठे लोक." गोपाळराव पोस्टात कारकून होते, हे मग सांगावं लागलं.

तर त्या जोडप्याचं पुढे काय झालं? तिसऱ्या फेरीत तिला चौथ्या नंबरचं, केनेडी रोडचं कॉलेज लागलं, इन्स्ट्रुमेंटेशनच. त्याच आवारातलं मेकॅनिकल त्यानंही यादीत टाकलं होतं, पण गुण कमी पडले. त्याला वाघोलीकडचं कॉलेज मिळालं. तो मनपाच्या स्टँडवरून बस धरतो, सव्वा तास जातो. आमच्याच पेठेत एका वाड्यात कॉट बेसिसवर राहतो. जिना लाकडी, पाणी सकाळी तेवढ्यापुरतं, पण घरमालकीण मायाळू आहे. ती मुलींच्या वसतिगृहात. रविवारी दोघं कसबा गणपतीला भेटतात आणि महिन्याचा हिशेब तिथेच ओट्यावर करतात, कुणाकडे किती उरले, कुणाचा पास संपला. मेकॅनिकलचं गणित त्याला जड जातं, ते ती समजावते. वर्कशॉपमधलं तिला कळत नाही ते तो दाखवतो. एका वर्गात असते तर एकमेकांना एवढं विचारलं असतं का, कोण जाणे.

तो २०२८ ला पास होईल, ती २०२९ ला. म्हणजे एक वर्ष तो कमावता आणि ती शिकत असेल. मुलाकडच्यांनी मध्यंतरी पुन्हा विषय काढला, की तो पास झाला की लगेच उरकून घेऊ. या वेळी आम्हाला कुणाला बोलावं लागलं नाही. तारीख माझ्या शेवटच्या पेपरनंतरची काढा, असं तिनं फोनवर स्वतःच सांगितलं. आणि त्यानं, पहिल्यांदाच, काकांसमोर तोंड उघडून "बरोबर आहे" म्हटलं.