धाराशिवच्या उन्हाळ्यात टिकणारा कॉम्प्युटर

(रेडिओवरील भाषण)

कंपनीचा तयार कॉम्प्युटर घेण्यापेक्षा सुटे भाग आणून घरीच असेंबल करण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. धाराशिव असो, तुळजापूर असो की उमरगा, भाग पुण्याच्या तपकीर गल्लीतून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा कुरिअरने घरपोच येतात. प्रोसेसर कोणता, रॅम किती, यावर मित्रांमध्ये महिनाभर खल चालतो. प्रोसेसरवर बसणारा कूलर मात्र उरल्यासुरल्या पैशांत आणि फोटो पाहून घेतला जातो. पहिल्यांदा असेंबल करणारा अडतो तोही बहुधा तिथेच. कूलर बसत नाही. बसला तर कॅबिनेटचं झाकण लागत नाही. आणि झाकण लागलं तर तापमान नव्वदीच्या पुढे जातं.

आधी मापांचं पाहू. कूलर घेण्यापूर्वी तीन गोष्टी जुळवाव्या लागतात.

पहिली गोष्ट सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा. इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर 2021च्या अखेरीस आले, तेव्हा मदरबोर्डवरच्या कूलरच्या छिद्रांमधलं अंतर 75 मिलिमीटरवरून 78 मिलिमीटर झालं. फरक अवघा तीन मिलिमीटरचा, पण जुना कूलर त्या छिद्रांत बसेना. त्यासाठी नवी पट्टी, म्हणजे ब्रॅकेट, घ्यावी लागली. दुसरी गोष्ट उंची. कूलर मास्टरचा हायपर 212 हा आपल्याकडे बराच खपलेला टॉवर कूलर सुमारे 159 मिलिमीटर उंच आहे. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरसाठी 155 मिलिमीटरची मर्यादा दिली असेल, तर त्याचं झाकण या कूलरवर लागणारच नाही. तिसरी गोष्ट रॅम. साधी रॅम 31 मिलिमीटरच्या आसपास असते. रंगीत दिव्यांची, पत्र्याचं कवच असलेली रॅम 40 मिलिमीटरच्या वर जाते आणि कूलरच्या पंख्याला अडते. पंखा वर सरकवला की वाट मोकळी होते खरी, पण तेवढीच एकूण उंची वाढते आणि झाकणाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. लांबून मागवलेली वस्तू परत पाठवण्यात पैसाही जातो आणि आठवडाही जातो. म्हणून हे तीन आकडे ऑर्डर देण्याआधीच कागदावर मांडलेले बरे.

आता बसवण्याचं. इंटेलच्या प्रोसेसरबरोबर मिळणाऱ्या कूलरला चार कोपऱ्यांत चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. पिनेच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. त्या दिशेला फिरवली की पिन सुटते, त्यामुळे बसवताना ती बाणाच्या दिशेला फिरवायची नाही. आधी एक पिन दाबायची, मग तिच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातली. प्रत्येक पिनेला ‘कट्’ असा आवाज आला पाहिजे. त्यानंतर मदरबोर्ड उलटा करून चारही छिद्रांतून पिनांची टोकं सारखी बाहेर आली आहेत का, ते डोळ्यांनी पाहायचं. एक जरी पिन अर्धवट राहिली, तरी कूलर तिरका बसतो आणि प्रोसेसरची उष्णता धातूच्या तळापर्यंत नीट पोचत नाही. हे सगळं मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी, त्याच्याच खोक्यावर ठेवून केलं तर हाताला जागा मिळते. नव्या कूलरच्या तळाला कधी पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो काढायचा राहून गेला, तर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये कितीही महागाची थर्मल पेस्ट लावा, तिचा काही उपयोग होत नाही.

आपल्या जिल्ह्यासाठी मात्र याहून मोठा प्रश्न मे महिन्याचा आहे.

हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानातला फरक आटोक्यात ठेवतो. कूलरच्या चाचण्या सहसा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. समजा, 22 अंशांच्या खोलीत पूर्ण कामावर असलेला प्रोसेसर 70 अंशांवर थांबला, तर फरक 48 अंशांचा झाला. धाराशिवला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. खोली 42 अंशांवर असेल, तर तोच कूलर, तोच प्रोसेसर 90 अंशांच्या घरात जाईल. इंटेलच्या अनेक प्रोसेसरची मर्यादा 100 अंश आहे, एएमडीच्या रायझन 7000 मालिकेतल्या बहुतेकांची 95. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि कॉम्प्युटर नवा असूनही संथ का चालतो हे कुणाला कळत नाही. म्हणून आपल्याकडे कूलर निवडायचा तो मे महिन्याच्या हिशेबाने.

आता वाऱ्याची वाट. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांना छतात साणं, म्हणजे झरोका, ठेवलेलं असतं. दारातून हवा आत येते आणि गरम हवा, धूर साण्यातून वर निघून जातो. कॅबिनेटमध्येही अशीच वाट हवी: समोरून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर. समोर दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, ही मांडणी पहिल्या कॉम्प्युटरला पुरेशी असते. आत येणारी हवा थोडी जास्त असली, तर ती जाळीतून गाळून येते आणि फटींतून शिरणारी धूळ कमी होते. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, त्या बाजूने वारा बाहेर पडतो. समोर सलग काच असलेलं कॅबिनेट दिसायला देखणं असतं, पण जाळीचं जास्त उपयोगी.

घरातली जागाही महत्त्वाची. लाकडी कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेलं कॅबिनेट स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत ओढतं. कॉम्प्युटर चालू असताना त्यावर कव्हर ठेवू नये. खिडकीतल्या डेझर्ट कूलरचा ओला झोतही थेट त्यावर नसावा.

कॉम्प्युटर थंड ठेवण्याची ही काळजी आपल्याकडे जुनीच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली देशातच तयार केलेला टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्यात सुमारे 2,700 व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नळ्या, होते, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह तापत असे. पुण्याच्या आयसर संस्थेत 2019 साली आलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकात हवेऐवजी थेट भागांजवळ द्रव फिरवून उष्णता काढून घेतात.

घरच्या कॉम्प्युटरचा दोष ओळखायला दोन चाचण्या पुरतात. काम सुरू करताच काही सेकंदांत तापमान नव्वदीवर उडालं, तर कूलर बहुधा नीट टेकलेला नाही. तो काढून, जुनी पेस्ट पुसून, नवी लावून, पुन्हा बसवावा. तापमान दहा-पंधरा मिनिटांत सावकाश चढत गेलं, तर कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडून तेच काम पुन्हा चालवावं. आकडा चांगला उतरला, तर कूलर ठीक आहे, हवा कोंडते आहे. मग पंख्यांची दिशा, वायरींचा गुंता आणि जाळीतली धूळ तपासायची. एवढं करूनही मे महिन्यात आकडा चढाच राहिला, तर मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची विजेची मर्यादा थोडी खाली आणता येते. वेग जरासा घटतो, तापमान मात्र बरंच उतरतं.

काळ्या रानाची धूळ उन्हाळाभर उडते. तेव्हा होळीच्या सुमारास कॅबिनेट अंगणात न्यावं, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारावा, जाळ्या धुऊन पूर्ण वाळवाव्यात आणि साफसफाईच्या आधीचा व नंतरचा तापमानाचा आकडा वहीत लिहून ठेवावा.