घरांतील पडदा आणि पारख



वाशीम जिल्ह्यांतील केनवड हें माझें गांव. मीं आयुष्यभर मुलांच्या चुका लाल शाईनें दाखविल्या; आज माझीच एक चूक आपणांपुढें मांडणार आहें.

१९८७ सालीं, जानेवारीच्या २५ तारखेस, रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. ती दर रविवारीं सकाळीं साडेनऊ वाजतां लागे. आम्ही ख्रिस्ती, रविवारीं नऊ वाजतां आमच्या ओसरीवर चार घरांची उपासना भरत असे. एके दिवशीं प्रार्थना चालू असतां माझा सात वर्षांचा मुलगा नाहींसा झाला. पाहतों तों शेजाऱ्यांच्या खिडकीचे गज धरून, टांचा उंचावून तो उभा! आंत सारी आळी बसलेली. मीं त्यास ओढून आणिलें आणि ‘पुन्हां त्या घरीं पाऊल टाकावयाचें नाहीं’ असें सर्वांदेखत बजाविलें. मुलगा त्या दिवशीं जेवला नाहीं. संध्याकाळीं शेजारीणबाई दारांत आल्या व एवढेंच म्हणाल्या, “गुरुजी, आमच्या घराचा तुम्हाले विटाळ होते काय?”

मजजवळ उत्तर नव्हतें. उपासनेची वेळ राखणें योग्यच होतें. परंतु मीं निषेध केला तो वेळेचा नव्हे, शेजाऱ्याच्या घराचा. त्यामागें श्रद्धा थोडी आणि भीतीच अधिक होती.

हा प्रश्न आमच्या पूर्वजांसही पडला होता. गोव्यांतील नवख्रिस्ती घरांतून जुन्या पोथ्या गेल्या, पण कथा ऐकण्याची भूक कांहीं गेली नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूनें ती ओळखली आणि मराठी ओवींत ‘ख्रिस्तपुराण’ रचिलें; १६१६ सालीं तें छापून निघालें. पुढें १८९५ सालीं ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनीं अभंग, भजन आणि कीर्तन यांकडे पाठ फिरविली नाहीं. उपासनेंत त्यांस मानाचें स्थान दिलें. नुसत्या ‘नको’नें मन भरत नाहीं, हें या दोघांसही कळलें होतें.

पौलानें थेस्सलनीकाच्या मंडळीस सर्व कांहीं पारखून चांगलें तेवढें धरून ठेवावयास सांगितलें आहे. आपण त्यासच नीरक्षीरविवेक म्हणतों. पण हंसासही दुधांत चोंच घालावीच लागते. न पाहतां फेकून देणें ही पारख नव्हे.

मीं शेजारीणबाईंची क्षमा मागितली. उपासना आठ वाजतां भरूं लागली. पुढच्या रविवारीं मुलाचा हात धरून मी स्वतः त्यांच्याकडे जाऊन बसलों. रात्रीं मुलानें विचारलें, “वनांत धाडलें, तरी रामाला राग कां नाहीं आला?” तेव्हां मीं त्यास बायबलांतील योसेफाची गोष्ट सांगितली, ज्या भावांनीं त्यास विकलें, त्यांसच दुष्काळांत त्यानें धान्य दिलें. त्या रात्रीइतका लक्षपूर्वक धडा माझ्या वर्गांतही कोणीं ऐकला नसेल.

आतां तो पडदा खिशांत मावतो. त्यास खिडकी नाहीं, गज नाहींत, आळीही नाहीं. नातू पांघरुणांत शिरून काय पाहतो, हें घरास कळत नाहीं. म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगतों. उपासनेच्या व जेवणाच्या वेळीं मोबाईल फळीवर ठेवावा. पहिला वडील माणसानें ठेवावा. मूल जें पाहतें तें एकदां त्याच्या शेजारीं बसून पहावें, आणि मग विचारावें: येथें हंसूं कोणाच्या दुबळेपणावर येतें? लोभ कशाचा वाढतो? आई जवळ असती तर हें पाहिलें असतेंस काय? तिसरी गोष्ट, एखादें करमणुकीचें साधन काढून घ्यावयाचें तर त्याजागीं गोष्ट, गाणें, नाताळची नाटिका, कांहीं तरी द्यावें. आणि चवथी, आपली निवड करितांना शेजाऱ्याच्या आवडीस नांवें ठेवूं नयेत.

शेजारीणबाई आज हयात नाहींत. नाताळच्या फराळाचें पहिलें ताट मात्र अद्यापि त्यांच्याच घरीं जातें. तें घेऊन जातो तो माझा तोच मुलगा.