मूत्रपिंडांचें माप आणि परका गज

मनुष्याचीं दोन मूत्रपिंडें मिळून दिवसाकांठीं सुमारें १८० लिटर द्रव रक्तांतून गाळून काढतात. त्यांतील दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपानें बाहेर पडतो; बाकीचा शरीर परत शोषून घेतें. हा गाळण्याचा वेग निरोगी तरुणांत मिनिटाला शंभर मिलिलिटरच्या आसपास असतो. तीन महिन्यांहून अधिक काळ तो साठाच्या खालीं राहिला, तर मूत्रपिंडांचा जुनाट विकार जडला असें वैद्यकशास्त्र मानतें.

परंतु हा वेग प्रत्यक्ष मोजावयाचा म्हणजे इन्युलिन नांवाचा पदार्थ शिरेंत सोडून रक्त व मूत्र वारंवार तपासावें लागतें. इतका खटाटोप नित्य कोण करणार? म्हणून स्नायूंपासून सतत उत्पन्न होणारें क्रिएटिनिन रक्तांत किती सांचलें आहे तें पाहून, वय व लिंग लक्षांत घेऊन, सूत्रानें वेगाचा अंदाज करतात. अहवालांत ‘ईजीएफआर’ म्हणून छापलेला आंकडा मोजलेला नसून अंदाजलेला असतो, हें पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसतें.

खरी अडचण येथेंच आहे. ज्याच्या अंगीं स्नायु थोडे आणि ज्याच्या ताटांत मांस नाहीं, त्याचें क्रिएटिनिन मुळांतच कमी. मूत्रपिंडें थकलीं तरी आंकडा साळसूद दिसतो. १९९९ व २००९ सालचीं प्रसिद्ध सूत्रें मुख्यतः गोऱ्या व काळ्या अमेरिकनांच्या मापांवरून बसविलेलीं होतीं; दक्षिण आशियाई मनुष्य त्यांत ‘इतर’ या सदरांत पडे.

कराचीच्या संशोधकांनीं चाळिशीपुढील लोकांचा वेग इन्युलिननें मोजून पाहिला आणि २००९ च्या सूत्रास दुरुस्ती सुचविली. ती २०१४ सालीं प्रसिद्ध झाली. सत्तर वर्षांची एखादी कृश, शाकाहारी बाई घ्या. तिचें क्रिएटिनिन ०.९. जुनें सूत्र तिचा वेग सुमारें ६५ सांगतें. कराचीची दुरुस्ती लावली कीं तोच ५७ वर येतो. २०२१ सालीं सूत्रांतून वंशाचा गुणक काढून टाकला, आणि तें योग्यच झालें. पण त्या नव्या सूत्रानें हिचा आंकडा उलट ६९ होतो!

हा केवळ गणिताचा घोळ नव्हे. मधुमेहावरील मेटफॉर्मिनसारख्या औषधांची मात्रा या आंकड्यावर ठरते, आणि आप्तास मूत्रपिंड देऊं करणाऱ्या दात्याची पात्रताही. तथापि कराचीचें माप सर्व उपखंडास डोळे मिटून लावणें हीही तीच चूक होय. पंजाबांतील पहिलवान आणि ही वृद्धा एका सूत्रांत कशीं बसावींत?

यावर एक बरा उपाय आहे. सिस्टॅटिन-सी हें प्रथिन शरीरांतील जवळजवळ सर्व पेशी तयार करतात. स्नायूंशीं त्याचा संबंध अल्प. क्रिएटिनिनच्या जोडीला तेंही तपासलें, तर अंदाज बहुधा सत्याच्या अधिक जवळ जातो. खर्च अर्थात् वाढतो, आणि थायरॉइडचा विकार असल्यास किंवा स्टेरॉइड चालू असल्यास तेंही फसवूं शकतें. दाता निवडतांना मात्र शंका राहिल्यास वेग प्रत्यक्षच मोजून घेतात.