प्रपंच सांभाळून इंग्रजी वाङ्मयाची परीक्षा

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनी काही उपयोगाचे बोलावे, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. इंग्रजी घेऊन एम्. ए. झालेल्या भगिनी आपल्या मंडळात कमी नाहीत. कोणाच्या पदवीला दहा वर्षे झाली, कोणाच्या वीस. लग्न, मुलांचे संगोपन, सासूसासऱ्यांची दुखणी, यजमानांच्या बदल्या, या साऱ्यांत ती पदवी पेटीच्या तळाशी गेली. आता दुपार थोडी मोकळी मिळू लागली, आणि मनात येते, कॉलेजात शिकवण्याच्या पात्रतेची परीक्षा द्यावी काय? पाठोपाठ दुसरा विचार येतो, आता या वयात कसले जमते! त्या दुसऱ्या विचाराशी आज मला थोडे भांडायचे आहे.

आधी परीक्षेची माहिती घेऊ. देशपातळीवरील परीक्षा ती नेट. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट, जी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. एम्. ए. ला ५५ टक्के गुण हवेत, राखीव वर्गांना ५०. पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापन, संशोधन, तर्क, उताऱ्याचे आकलन यांवर ५० प्रश्न, १०० गुण. दुसरी आपल्या विषयाची, १०० प्रश्न, २०० गुण. दोन्ही मिळून तीन तास. उत्तर चुकले म्हणून गुण कापले जात नाहीत. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी या परीक्षांना वयाची वरची मर्यादा नाही. नेटमधील संशोधन-शिष्यवृत्तीला मात्र तीस वर्षांची मर्यादा आहे, व स्त्रियांना तीत पाच वर्षांची सवलत मिळते. तेव्हा वयाची सबब परीक्षकांनी घातलेली नाही, ती आपली आपणच घालून घेतली आहे.

परंतु परीक्षा सोपी आहे असे सांगून मी कोणाला फसवणार नाही. ठरलेले किमान गुण मिळवूनही भागत नाही. बसलेल्या उमेदवारांपैकी साधारण सहा टक्केच पात्र ठरवले जातात. नेटचा अभ्यासक्रम दहा घटकांचा आहे. नाटक, काव्य, कादंबरी व लघुकथा, ललितेतर गद्य, भाषाविचार, भारतातील इंग्रजीचा इतिहास, संस्कृतिअभ्यास, समीक्षा, दुसऱ्या महायुद्धानंतरची समीक्षा-तत्त्वे आणि संशोधनपद्धती. ही यादी वाचूनच छाती दडपते. मग बाजारातून एक जाडजूड मार्गदर्शक आणले जाते, आणि लेखक, ग्रंथ, साल असे कोष्टक पाठ करणे सुरू होते. आठ दिवसांत निम्मे विसरते, कारण ती नावे कोठे टांगून ठेवावीत अशी खुंटीच मनात नसते.

माझे आजचे सांगणे एवढेच, की ती खुंटी आपल्या घरात आहे. आपला इतिहास आणि आपले वाङ्मय आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. परक्या वाङ्मयातील साले त्याला बांधून टाका.

बाजीप्रभूंनी खिंड लढवली ते साल १६६०. त्याच वर्षी इंग्लंडात राजा परतला आणि १६४२ पासून बंद असलेली लंडनची नाट्यगृहे पुन्हा उघडली. शिवराज्याभिषेक १६७४ चा. मिल्टन वारला तोही १६७४ सालीच. हाच मिल्टन १६०८ साली जन्मला, आणि तुकोबांच्या जन्माचे एका मताप्रमाणे तेच साल आहे. नाना फडणीस १८०० साली गेले. त्याच वर्षी वर्डस्वर्थने आपल्या व कोलरिजच्या काव्यसंग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीला ती गाजलेली प्रस्तावना जोडली. पेशवाई बुडाली १८१८ मध्ये, आणि मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ही १८१८ मधली. ब्राँटे भगिनींनी पुरुषी वाटावीत अशी नावे घेऊन १८४७ साली कादंबऱ्या छापल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणुकी’त येऊ लागली, आणि हार्डीची ‘टेस’ १८९१ मध्ये तिकडच्या साप्ताहिकात क्रमशः आली. दोन्हींत एका निरपराध बाईच्या वाट्याला आलेला जाच आहे. एकदा यमूशी टेसची गाठ घालून दिली, की परीक्षेत साल विसरायची सोय उरत नाही.

नाटकांचेही तसेच. ‘हॅम्लेट’ आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणले. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला, तो १८९० मध्ये. शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ म्हणजे ‘मॅकबेथ’. पु. लं.ची ‘ती फुलराणी’ शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून उतरली. सुनीत मराठीत कोणी रुजवले ते केशवसुत आपण शाळेत वाचले. मग शेक्सपिअरच्या सुनीतांचे चौदा चरण परके कसे वाटतील? मराठी रूप आधी वाचावे, मागून मूळ इंग्रजी हाती घ्यावे. कथानक ठाऊक असले म्हणजे भाषेचा अडसर निम्मा होतो.

समीक्षा-तत्त्वांचे सर्वांना भय वाटते. त्यांतलीही पुष्कळशी बाब घरगुती उदाहरणाने कळते. सोस्यूर म्हणतो, शब्दाची किंमत त्याच्या शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदावरून ठरते. इंग्रजीत ‘आंट’ म्हटले की काम भागते. आपल्याकडे काकू, आत्या, मावशी, मामी अशा चौघी जणी आहेत, आणि आत्याला मावशी म्हटले तर सणावाराला काय होते ते आपण जाणतो! सोस्यूरचा सिद्धान्त यात आला. तसेच ‘जेन एअर’मध्ये माळ्यावर कोंडलेली जी वेडी पहिली पत्नी आहे, तिची बाजू जीन ऱ्हीस या लेखिकेने १९६६ च्या ‘वाइड सार्गासो सी’ या कादंबरीत मांडली. गोऱ्या साहेबाच्या घरात परमुलखातून आणलेल्या बाईचे म्हणणे कोणी ऐकले नव्हते, ते तिने ऐकवले. वसाहतोत्तर आणि स्त्रीवादी समीक्षा कशी विचार करते, हे समजायला या दोन कादंबऱ्या जोडीने वाचाव्यात.

अभ्यासाची रीत साधी ठेवावी. रोजचा दीड तास, पण तो ठरलेला. स्वयंपाक उरकल्यावर मिळेल तेव्हा म्हटले, की तो मिळत नाही. आठवड्यात चार दिवस मूळ ग्रंथ, दोन दिवस समीक्षा व भाषा, आणि एक दिवस जुन्या प्रश्नपत्रिका. कविता मोठ्याने वाचावी. घरातले हसले तर हसू द्यावे. सालांचा एक मोठा तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीला लावावा. पहिल्या प्रश्नपत्रिकेकडे मात्र दुर्लक्ष करू नये, एकतृतीयांश गुण तिचे आहेत.

आता एक कडू गोष्ट. ही परीक्षा पात्रता देते, नोकरी देत नाही. पात्र होऊनही तासिका तत्त्वावर, तासागणिक मोबदल्यावर, वर्षानुवर्षे राबणारे शिक्षक आपल्या ओळखीत आहेत. परीक्षेचा कारभारही नेहमी नीट होतो असे नाही. १८ जून २०२४ रोजी झालेली नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, आणि नऊ लाखांहून अधिक उमेदवारांनी दिलेली परीक्षा वाया गेली. ती पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरात घ्यावी लागली. म्हणून माझी विनंती आहे, की केवळ पगाराचा आकडा डोळ्यांपुढे ठेवून या वाटेला लागू नका. वाचन मनापासून आवडत असेल तर लागा.

या बाबतीत कॉर्नेलिया सोराबजी यांची आठवण ठेवावी. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या या बाई मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या पहिल्या आल्या, तरी विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून त्यांना मिळाली नाही. त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवले, आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकल्या. आज आपल्याला अर्ज भरायला कोणी अडवीत नाही, हे लहान नव्हे.

एकटीने हे जमणे कठीण आहे, म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवते. आपल्या वाचनालयात एक फळी या ग्रंथांसाठी राखावी. दर गुरुवारी दुपारी दोन ते चार या वेळात अभ्यास करणाऱ्या भगिनींना आतली खोली द्यावी. आणि ज्यांना परीक्षा द्यायची नाही, त्यांनी तेवढे दोन तास इतरांची मुले सांभाळावीत. ही तिसरी सूचना मला सर्वांत मोलाची वाटते, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणींचे शिक्षण पुस्तकावाचून अडलेले नाही, त्या दोन तासांवाचून अडले आहे.

ज्यांची इच्छा असेल त्यांनी जाण्यापूर्वी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. मुले सांभाळणारींनीही द्यावे.