नावातली अक्षरे आणि संगणक



सरकारी नोकरीत आम्ही रोज नावांच्या याद्या हाताळतो. संगणकाच्या लेखी नाव म्हणजे ‘स्ट्रिंग’, चिन्हांची माळ. पण माळेत मणी किती, हे प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषा आपल्या रीतीने मोजते. ‘गणपती’ आपल्याला ४ अक्षरांचा. स्विफ्टही ४ मोजते. पायथॉन आणि जावा वेलांटी वेगळी धरून ५ मोजतात. सी भाषा बाइट मोजते. युटीएफ-८ मध्ये ते १५ भरतात. म्हणून ३० बाइटांच्या रकान्यात मराठीची १० चिन्हेच मावतात आणि लांब नाव मध्येच तुटते.

आता ‘कुऱ्हाडे’ घ्या. यातला ऱ एका चिन्हानेही लिहिता येतो, किंवा र ला नुक्ता जोडूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण साधी तुलना केली तर संगणक दोन माणसे समजतो. आधी दोन्ही एका रूपात आणावे लागतात. पायथॉन, जावा, जावास्क्रिप्टमध्ये तशी सोय तयार आहे.

युनिकोडच्या गुजराती संचात मात्र ऱ नाहीच. खानदेशातून सुरतेत आलेल्या कुटुंबाचे हे आडनाव गुजरातीत साध्या र ने लिहिले जाते. यंत्राने ते परत मराठीत आणले, तरी ऱ परत येत नाही. मग जळगावचा शाळेचा दाखला आणि इथला कागद जुळत नाहीत.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आपल्या मुलांना एवढेच सांगणे: मूळ लिपीतले नावही जपून ठेवा. आणि आपण सर्वांनी सही करण्यापूर्वी नाव वाचून घ्यावे.

गणपती बाप्पा मोरया!